तुडवलेलं वळण

"माझ्या सायकलला हात कुणी लावला?"

"मी."

"का?"

"हवा जास्त होती. काढली."

"मला विचारलं होतं?"

"तू झोपली होतीस."

"मग थांबायचं. दार वाजवायचं. माणसं असंच करतात."

"टायर दगडासारखे झाले होते, पोरी. अशा टायरांवर नदीत उतरलीस तर पहिल्याच वळणाला आडवी होशील."

"काल झालेच की आडवी."

"बघितलं मी. म्हणून तर काढली."

सकाळ नुकती फटफटली होती आणि हे दोघं माझ्या खानावळीच्या ओसरीवर उभे होते. बाहेर उणे पंचवीस. दोघांच्या तोंडातून इतकी वाफ निघत होती की भांडण कानांनी ऐकायच्या आधी डोळ्यांनी दिसावं. मी आत तव्यावर पाव तळत होते आणि दार मुद्दाम किलकिलं ठेवलं होतं. त्याची लाज कशाला वाटून घ्यायची. गोठलेल्या नदीकाठच्या या टॅमरॅकमध्ये चाळीसेक माणसं, आणि मार्चपर्यंत बघायला फक्त बर्फ.

"हे बघा, मिस्टर रुस्ताद," ब्रिन म्हणाली. तिचंही आडनाव रुस्तादच, तरी असं म्हणाली. "आमच्या घरातल्या ज्या सायकलला तुम्ही शेवटचा हात लावलात, तिच्यावर बसून माझे पपा गेले ते परत आले नाहीत. माझ्या सायकलपासून लांब राहा."

ऑर्विलनं खाली बघितलं. बुटाच्या टोकानं पायरीवरचा बर्फ थोडा खरवडला.

"पंप भिंतीला टेकवून ठेवलाय," तो म्हणाला. "पटत नसेल तर भर परत."

आणि जनरेटरच्या खोलीकडे निघून गेला. ब्रिन पंपाकडे बघत उभी राहिली. मग आत आली, टोपी टेबलावर आपटली, म्हणाली, "डेल्फीनमावशी, कॉफी दे. काळी." पंपाला तिनं हात लावला नाही.

ऑर्विल रुस्ताद म्हणजे ब्रिनचा सख्खा काका. धाकटा भाऊ लेल आणि हा, दोघं इथंच नदीकाठी वाढले. जाड टायरच्या सायकली आमच्या भागात आल्या तेव्हा लोक हसले होते. अस्वलाला चाकं लावलीत का, म्हणाले. ऑर्विल हसला नाही. त्यानं एक सायकल पूर्ण उघडली, पुन्हा जोडली, आणि त्या हिवाळ्यात नदीवर तो एकटा सायकलीनं हिंडत होता. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की नदीवरच्या सायकल-शर्यतीला येणारा प्रत्येक जण आधी ऑर्विलच्या शेडमध्ये जायचा.

त्याच्याकडे हवेचा काटा नव्हता. अंगठा होता. टायर दाबायचा, मग म्हणायचा, "बस." तुम्ही बसलात की वाकून टायरच्या कुशीकडे बघायचा. तिथं बारीक सुरकुती पडली की झालं. एकच, जास्त नको. "उन्हाळ्यात टायर रस्त्याशी भांडतो," म्हणायचा, "हिवाळ्यात त्याला बर्फावर निजता आलं पाहिजे." तेलाची छोटी बाटली छातीशी, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचा, म्हणजे अंगाच्या उबेनं तेल पातळ राहायचं. आणि टोपीचे कान कधी खाली ओढायचा नाही, कितीही गारठा असो. त्याला चाकं ऐकायची असायची. पायडल थांबवलं की फ्रीव्हील टिकटिकतं, त्या आवाजावरून आत चाकाला पकडणारे खटके मोकळे आहेत की आखडलेत ते तो वीस पावलांवरून सांगायचा. त्यापायी उजव्या कानाची पाळी गारठ्यानं गेली. "दुसरा आहे अजून," म्हणाला.

आता हे सगळं मी होतं-असायचं करून का सांगते? माणूस तर समोर, जनरेटरच्या खोलीत डिझेल ओततोय. पण त्याच्या शेडमध्ये सायकल येऊन कितीतरी हिवाळे झाले.

लेल गेला तो दिवस मला सांगितलाच पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

शर्यतीच्या आधीचा आठवडा होता. लेल सकाळी सरावाला जाऊन आला, सायकल रिवाजाप्रमाणे बाहेर भिंतीला टेकवली, जेवला आणि झोपला. दुपारनंतर नदीच्या वरच्या अंगाच्या झोपडीपर्यंत जाऊन तिथंच मुक्काम करायचा, असं ठरलेलं. त्याची बायको कोरीन माझ्याकडे भांडी घासायला आली होती. घरात झोपलेला लेल आणि सात वर्षांची ब्रिन. तो उठला, सायकल घेतली, नदीत उतरला. मोठ्या वळणापाशी कधीतरी मागच्या चाकातले खटके धरेनात. पायडल नुसतं फिरतंय, चाक जागचं हलत नाही. मग तो सायकल ढकलत चालला. वळणाच्या कडेला बर्फाखाली पाणी चढलेलं होतं, वरून दिसत नाही. पाय गुडघ्यापर्यंत भिजले. आम्हाला वाटलं झोपडीत पोचला असेल. झोपडीतल्यांना वाटलं निघालाच नसेल.

दुसऱ्या दिवशी ऑर्विल बर्फगाडी घेऊन गेला आणि गोठून गेलेल्या भावाला घेऊन आला. मग शेडचं दार लावून त्यानं ते मागचं चाक उघडलं. आत बर्फ होता. नितळ, काचेसारखा. गारठ्यात बाहेर उभ्या असलेल्या सायकलीत असा बर्फ होत नाही. बर्फाचा भुगा चिकटला तर झटकला की पडतो. तो आधी वितळून पाणी व्हावा लागतो, पाणी आत झिरपावं लागतं, आणि मग पुन्हा गोठावं लागतं. म्हणून तर आमच्याकडे सायकल घरात आणत नाहीत. नवरा आत येईल, कुत्रा आत येईल, सायकल बाहेर.

ऑर्विल तिथून उठून लेलच्या घरी आला. कोरीन आतल्या खोलीत होती, मी चुलीपाशी. ब्रिन त्याच्या मांडीवर चढली आणि त्याच्या तुटक्या कानात कुजबुजली. पोरांचं कुजबुजणं ते, चुलीपाशी मलाही ऐकू आलं.

"ओर्विकाका, पपाची सायकल किनई बाहेर कुडकुडत होती. मी तिला आत आणली. चुलीजवळ ठेवली. पपा उठायच्या आधी परत ठेवली. कुणाला सांगू नको हं, मला रागावतील."

ऑर्विलनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. तेवढ्यात कोरीन बाहेर आली. "कशानं झालं?" तिनं विचारलं. "चाकाला काय झालं होतं?"

"ग्रीस," ऑर्विल म्हणाला. विचार करायलासुद्धा थांबला नाही. "माझ्या हातचं. जाड घातलं होतं मी. गारठ्यात मेणासारखं झालं आणि खटके आखडले."

असं होऊ शकतं. म्हणून सगळ्यांनी मानलं. कोरीननं त्याला घराबाहेर काढलं, ब्रिनला घेऊन विमानानं शहरात गेली आणि परत आली नाही. शर्यतवाले शेडच्या बाजूला फिरकेनात. ऑर्विलला वस्तीनं डिझेल ओतायचं काम दिलं, त्यानं ते घेतलं. त्या घरात ऐकलेलं आम्ही दोघांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. पोरीनं ती चूल आणि ते चाक कधीच जोडू नये, एवढीच त्याची इच्छा. बाकी त्याला काही नको होतं.

आणि ती पोर आता मोठी होऊन, शहरात सायकल शिकून, शर्यतीला नाव घालून माझ्या टेबलाशी काळी कॉफी पीत बसली होती.

दुपारी ती नदीत उतरली तेव्हा टायर मऊच होते. मी खरकटं टाकायच्या निमित्तानं काठावर गेले. मोठ्या वळणाला ती जोरात आली, हँडल वळवलं, पुढचं चाक बाजूला घसरलं आणि बाई बर्फात कमरेपर्यंत. उठली. पुन्हा आली. पुन्हा आत. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा काठावर ऑर्विल उभा होता, हात खिशात घालून.

"हसायला आलात?"

"नाही. डिझेल ओतून झालं, मोकळा होतो."

"मग?"

"डोळे कुठे होते तुझे?"

"कुठे म्हणजे? चाकापुढे."

"खोटं. त्या काळ्या झाडावर होते. म्हणून झाडाकडेच जातेस. जिथून बाहेर पडायचंय तिथं बघ."

पुढच्या वेळी तिनं मान वळवली. तरी पडली.

"ब्रेक कधी दाबतेस?"

"वळताना."

"वळणाच्या आधी दाबायचा. वळणात शिरलीस की तो ब्रेक तुझा नाही, असं समज. आणि पुढचा तर विसरूनच जा."

"अजून काय चुकतंय? एकदाच सांगून टाका."

"एकदाच सांगितलं तर एकदाच विसरशील."

ती हसू आवरत होती, मला काठावरून दिसलं. लेलचाच जबडा. हसू दाबलं की डावीकडे वाकडा होणारा.

मग तो खाली उतरला. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय खाली, त्याच्यावर भार. सायकल थोडी कलती, अंग सरळ. "हँडल फिरवू नकोस, कमरेनं सांग तिला. ढकलू नकोस गं, सांग नुसतं. मागे रेलून बसतेस म्हणून पुढचं चाक हलकं होतं आणि पळून जातं. नाक पुढे घे. आणि घाबरलीस तरी पायडल थांबवू नकोस, गोल फिरत राहू दे, जात्यासारखं." हे सांगताना त्याचे हात हवेत हँडल धरून होते, कंबर वळत होती. भर नदीत एक म्हातारा सायकलीशिवाय सायकल चालवत होता. मला हसू आलं.

सहाव्या की सातव्या वेळी ती वळली. आवाजसुद्धा नाही, बर्फ नुसता कुरकुरला आणि ती पलीकडे. तिथं थांबून तिनं मागे बघितलं. आपल्याच चाकाची खूण, एकसारखी रुंद, कुठे फाटलेली नाही.

"पपा असे वळायचे?"

"त्याला मीच शिकवलं. माझ्यापेक्षा बरा वळायचा."

"तू शर्यतीत का उतरत नाहीस, काका?"

"उतरतो की. आदल्या दिवशी." आणि काठाकडे वळला. तिला कळलं नाही. मला कळलं. दर वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी तो बर्फावर चालायचे जाळीचे जोडे पायात घालून हे वळण तुडवतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पुन्हा पुन्हा, जिथं पाणी चढतं त्याच्यापासून लांबून वाट काढत. तुडवलेला बर्फ रात्रभर बसतो आणि सकाळी दगडासारखा होतो. शर्यतवाले त्यावरून सुसाट जातात, म्हणतात या वर्षी नदी चांगली आहे.

त्या दिवशी, इतक्या वर्षांनी, त्याच्या शेडच्या बाहेर ब्रिनची सायकल उलटी ठेवलेली दिसली. हो, बाहेरच. त्यानं मागचं चाक उघडलं, आतलं सगळं ग्रीस पुसून काढलं, सदऱ्यातून बाटली काढली आणि प्रत्येक खटक्यावर एकेक थेंब सोडला. ब्रिन बर्फात उकिडवी बसून बघत होती.

"हे पातळ तेल तेव्हा नव्हतं का?"

"होतं."

"मग?"

त्यानं चाक फिरवलं. टिकटिक टिकटिक. कान तिकडे केला.

"आळस केला," तो म्हणाला.

ब्रिननं ग्रीस पुसलेली चिंधी उचलून तिची घडी केली. मग म्हणाली, "आई म्हणते तिला तुझं तोंड बघायचं नाही. मी पण असंच ठरवून आले होते. पण आता मला वाटतं, पपा असते तर म्हणाले असते की चूक कुणाच्याही हातून होते. माझ्याकडून ते संपलं, काका. खरंच संपलं."

मी त्याला कॉफी द्यायला गेले होते. कप त्याच्या हातात दिला, तर त्यानं तो न पिताच बर्फावर ठेवला. "ठीक आहे," एवढंच म्हणाला. भावाच्या पोरीनं माफ केलं म्हणून माणसाचा चेहरा उजळतो. याचा मिटला. मला तेव्हा वाटलं, आता बोलून टाकावं. नाही बोलले. मी बोलायचं ते नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, दुपारी दोघं माझ्याकडे जेवायला बसले. मूस हरणाच्या मांसाचा रस्सा, तळलेला पाव. ऑर्विल कोपऱ्यात, कडक बिस्कीट कॉफीत बुडवत. त्याचे जाळीचे जोडे दाराशी तयार होते. ब्रिन खुशीत होती. सराव करून आली होती, हातमोजे चुलीवरच्या दांडीला अडकवले होते, त्यांतून पाणी तापल्या लोखंडावर पडत होतं आणि चर्र चर्र वाजत होतं.

"हा आवाज," ती म्हणाली. "मावशी, मला पपांचं फार आठवत नाही गं. चेहरा फोटोतलाच आठवतो. पण हा आवाज आठवतो."

"रस्सा घे अजून," मी म्हणाले.

"घेते. ऐक ना. माझ्याकडे पपांची एकच आठवण आहे, शेवटची, आणि ती मी कुणालाच सांगत नाही, कारण फार छान आहे. मी एकटी आहे घरात. म्हणजे पपा झोपलेत. आणि चुलीशेजारी त्यांची सायकल. चाकांतून पाणी गळतंय आणि चुलीवर असंच चर्र वाजतंय. मी माझ्या फ्रॉकनं चाक पुसतेय. मला इतकं बरं वाटतंय, की आता तिला गार नाही लागणार. मग मी तिला परत..."

चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

"कुठलं तरी दुसरंच स्वप्न असेल," ऑर्विल म्हणाला. फार पटकन म्हणाला. "पोरांना काहीही आठवतं. आमच्याकडे सायकल घरात आणतच नाहीत."

"नाही आणत," ब्रिन म्हणाली.

"हो ना. मग."

"मला माहीत आहे का नाही आणत ते. मी चार हिवाळे चालवतेय, काका."

चर्र. चर्र. मी उठून हातमोजे दांडीवरून काढले. का काढले कोण जाणे.

"मी तिला परत बाहेर ठेवली," ती हळूहळू म्हणाली, प्रत्येक शब्द पायाखालचा बर्फ चाचपावा तसा चाचपत. "पपा उठायच्या आधी. मग ते उठले. मला पापा दिला, दाढी टोचली. मग गेले. मग कधीच... ते त्याच दिवशी होतं. दुसरं कसं असेल? त्याच्यानंतर ते घरी आलेच नाहीत ना."

"सात वर्षांची होतीस तू," मी म्हणाले.

मी हे म्हणायला नको होतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी होच म्हणाले होते. मी तव्याकडे वळले, तळून झालेला पाव पुन्हा उलटला.

ऑर्विल उरलेलं बिस्कीट कपात बुडवत होता. ते केव्हाच विरघळलं होतं, बोटं नुसती कॉफीत.

"काका." ब्रिन उठून त्याच्यासमोर जाऊन बसली. आवाज चढवला नाही. टेबलावर त्याचा दुसरा हात होता, काळ्या रेघांचा, रुंद अंगठ्याचा. त्याच्यावर तिनं आपला हात ठेवला. "तू ते चाक उघडलंस. तू एकट्यानं. दुसऱ्या कुणी बघितलं नाही. मला फक्त एवढं सांग. आत ग्रीस होतं, की बर्फ होता?"

तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलले. इतकी वर्षं जो शब्द त्याच्या जिभेवर तयार बसलेला होता, तो आता येईना. मग त्यानं आपला हात तिच्या हाताखालून हलकेच काढून घेतला, कॉफीतली बोटं रुमालाला पुसली आणि तो उभा राहिला. टोपी घातली. दाराशी जाऊन वाकून जाळीचे जोडे उचलले.

"काका, ग्रीस होतं म्हण. नुसतं म्हण."

त्यानं टोपीचे दोन्ही कान खाली ओढले, हनुवटीखाली नाडी बांधली, आणि दार उघडून नदीकडे चालू लागला.